जुनी डिझेल पिकअप मिसिंग मारतेय, थरथरतेय : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी सांगतो हे कुठल्या गाड्यांसाठी आहे. जुन्या डिझेल पिकअप, ज्यांचा डिझेल पंप (इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा) मेकॅनिकल आहे, कॉम्प्युटर नाही. म्हणजे २५२३ सीसीचं डीआय (थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं) इंजिन असलेल्या जुन्या बोलेरो पिकअप, टाटा २०७ डीआय, आणि त्याच जमान्यातल्या बाकीच्या. मी जुन्नर तालुक्यातला, टोमॅटो आणि भाजीपाला वाशी मार्केटला नेतो, अशीच एक जुनी गाडी बरीच वर्षं चालवतोय आणि तिची बरीचशी कामं स्वतः करतो. मिस्त्री नाही, पण आमच्या भागातले पोरं गाडी अडली की फोन करतात आणि तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. माझं म्हणणं एकच आहे, की कुठला सिलिंडर काम करत नाही हे कळल्याशिवाय आणि टाकीपासून पंपापर्यंतची लाइन बघितल्याशिवाय कुणालाही पंप, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारा भाग) किंवा इंजिन खोलू देऊ नका.

गाडी मिसिंग मारतेय म्हणजे नेमकं काय समजायचं?

लोक चार वेगवेगळ्या गोष्टींना मिसिंग म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. खरं मिसिंग म्हणजे चारातला एक सिलिंडर जळत नाही किंवा अर्धवट जळतोय, त्याचा आवाज ठरलेल्या तालात येतो, धड-धड-धड आणि मग एक खड्डा, परत धड-धड-धड आणि खड्डा. दुसरं म्हणजे हंटिंग, स्लोवर (रेस न देता) इंजिन आपोआप वर चढतं, खाली पडतं, परत चढतं, यात चारही सिलिंडर जळत असतात पण डिझेल एकसारखं मिळत नाही, बहुतेक वेळा लाइनमध्ये हवा असते नाहीतर पंपाचा गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) असतो. तिसरं, इंजिनचा आवाज छान एकसारखा आहे पण केबिन, आरसे, गिअरचा दांडा सगळं हलतंय, तिथे इंजिन नव्हे, फाउंडेशन (इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ते) बघायचं. आणि चौथं, स्लोवर मस्त चालते पण चढाला माल भरलेला असताना दबते, तिथे फिल्टर, एअर क्लीनर, टाकीची जाळी.

सायलेंसरच्या तोंडापाशी उभं राहून हात एक वीतभर लांब धरा. चांगल्या इंजिनचा वारा हाताला एकसारखा लागतो, मिसिंगवाल्याचा मध्येच तुटतो. दोन मिनिटं उभं राहिलं की आपोआप समजायला लागतं.

मिस्त्रीकडे न्यायच्या आधी घरी काय बघू?

सकाळी इंजिन गार असताना सुरुवात करा, कारण एकदा इंजिन गरम झालं की अर्धे पुरावे गेले. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, गिअर न्यूट्रल. गळ्यात उपरणं किंवा मफलर असेल तर काढून ठेवा, पंख्यात अडकलं तर माणूस आत ओढला जातो.

सुरू करायच्या आधी ऑइल काडी बघा, रेडिएटरचं पाणी बघा (गारच असताना, गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही), एअर क्लीनर काढून झटका, पाइपांच्या जोडांवर बोट फिरवा, कुठे ओलं लागतंय का. फिल्टरच्या बुडाचा ड्रेन बोल्ट ढिला करून थोडं डिझेल काचेच्या बरणीत घ्या. मग सुरू करा आणि लिहून ठेवा, किती स्टार्टरला लागली, पहिला धूर कुठल्या रंगाचा, किती वेळात गेला, गरम झाल्यावर मिसिंग कमी झालं की वाढलं, क्लच दाबला की फरक पडला का. मी खरंच एक वही ठेवलीय डॅशबोर्डच्या खणात, त्यात किलोमीटर आणि तारीख टाकून लिहितो, कारण चार महिन्यांनी डोक्यात काहीच राहत नाही आणि मिस्त्रीने विचारलं की आपण "बहुतेक" म्हणतो.

धुराच्या रंगावरून काय कळतं?

बरंच कळतं, पण नुसत्या धुरावर निकाल देऊ नका.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. चोंदलेला एअर क्लीनर, टर्बो (इंजिनात जोराने हवा ढकलणारा पंखा) असेल तर त्याचा फाटलेला होज, टपकणारं नोझल, नाहीतर कुणीतरी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलेलं. बीएस थ्रीच्या (प्रदूषणाच्या नियमाचा टप्पा) आणि पुढच्या काही गाड्यांत ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) असतो, तो उघडा अडकला तरी काळा धूर आणि दबलेली गाडी.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह सील, टर्बो.

पांढरा धूर सगळ्यात जास्त फसवतो. तो न जळलेल्या डिझेलचा असू शकतो आणि पाण्याचाही. डिझेलचा असेल तर डोळ्यांत झोंबतो, वास कच्च्या डिझेलचा येतो. सायलेंसरसमोर एक पांढरा कागद थोडा वेळ धरा, डिझेल असेल तर तेलकट डाग राहतो, पाणी असेल तर वाळून जातं. मिसिंगच्या तालात पांढऱ्या धुराचे पुंजके येत असतील तर जवळपास खात्री समजा की एका सिलिंडरमध्ये डिझेल पडतंय पण पेटत नाहीये, म्हणजे नोझल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) किंवा टायमिंग (डिझेल फवारायची ठरलेली वेळ).

कुठला सिलिंडर बंद आहे हे कसं शोधायचं?

हाच सगळ्यात कामाचा भाग आहे, नीट वाचा.

पहिली पद्धत बिनधोक. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा आणि मिनिटाभरातच एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही फांद्यांवर पाण्याचे थेंब टाका. जळणाऱ्या सिलिंडरची फांदी लवकर तापते, तिथला थेंब चटकन उडून जातो, बंद सिलिंडरच्या फांदीवर तो तसाच ओघळत राहतो. उशीर केला तर सगळं मॅनिफोल्ड एकसारखं तापतं आणि काही कळत नाही. तापमान बघायची गन असेल तर अजूनच सोपं.

दुसरी पद्धत म्हणजे नोझलचं नट ढिलं करून बघणं, सगळे जुने मिस्त्री हीच करतात. गाडी स्लोवर, डोळ्यांवर चष्मा, हातात जाड हातमोजे. नोझलवर येणाऱ्या पाइपच्या नटावर फडकं गुंडाळा, बहुतेक गाड्यांना १७चा पाना लागतो, अर्धा फेरा ढिला करा. डिझेल बाहेर आलं की त्या सिलिंडरला मिळणारं डिझेल बंद झालं. आता इंजिनचा आवाज ऐका. आवाज पडला, थरथर वाढली तर तो सिलिंडर काम करत होता, नट आवळा आणि पुढच्याकडे जा. नट ढिलं करूनही इंजिनला काही फरकच पडला नाही, तर हाच तुमचा चोर. चारही करून बघा, पहिला सापडला म्हणून थांबू नका, कधीकधी दोन कमजोर निघतात.

त्याच वेळी एक गोष्ट बघून घ्या, नट ढिलं केल्यावर तिथून डिझेल ठेका धरून येतंय का. बाकी तिघांना येतं आणि एकालाच येत नाही तर नोझल नंतर, आधी पंपाकडे बघायचं.

सावधगिरी मात्र पाळा. या पाइपांमध्ये नोझल उघडायला लागणारा दाब साधारण २०० बारच्या आसपास असतो, डीआय इंजिनात जास्तच. बारीक फवारा कातडीतून आत घुसतो. सुई टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि काही तासांत हात जायची वेळ येते. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात जाऊन "प्रेशरचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. आणि गळणारं डिझेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडू देऊ नका, बिडी-सिगारेट लांब.

सीआरडीआय गाडीत हीच टेस्ट चालते का?

नाही. अजिबात नाही. सीआरडीआय म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कॉमन रेल, तिच्यात दाब हजार बारच्या वर जातो, चालू इंजिनात तिथला नट ढिला करणं म्हणजे जिवाशी खेळ. त्या गाडीला स्कॅनर लावायचा, इंजेक्टरच्या (म्हणजे नोझलच्या) रिटर्नचं, टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलचं, मोजमाप करायचं, ते काम येणाऱ्या माणसाकडेच द्या. इथलं हवेचं, पाण्याचं, फिल्टरचं, फाउंडेशनचं सगळं त्यांनाही लागू आहे, एवढंच.

बंद सिलिंडर सापडला, लगेच नवीन नोझल टाकू का?

थांबा. आधी त्या नोझलच्या बुडाशी बघा, काळा ओलसर कार्बन जमलाय का आणि इंजिन चालू असताना फुस-फुस आवाज येतोय का. तसं असेल तर नोझलखालचा तांब्याचा वायसर गेलाय, कॉम्प्रेशन तिथून निसटतंय. वायसर दहा-वीस रुपयांची वस्तू आहे आणि दरवेळी नवीनच टाकायचा, जुना ठोकून, तापवून परत बसवू नका. काढताना जुना वायसर भोकात चिकटून राहतो आणि लोक त्याच्यावर दुसरा टाकतात, मग नोझलची उंची बदलते आणि फवारा चुकीच्या जागी पडतो, म्हणून टॉर्चने आत नीट बघा.

वायसर ठीक असेल तर अदलाबदल करा. बंद सिलिंडरचं नोझल शेजारच्या चांगल्या सिलिंडरला आणि त्याचं इकडे, दोन्हीकडे नवे वायसर. मिसिंग नोझलबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेलं तर नोझलच खराब. जागेवरच राहिलं तर नोझलचा दोष नाही, टॅपेट (व्हॉल्व्हच्या दांडीवरचा ठरलेला गॅप), कॉम्प्रेशन किंवा पंप बघा. या एका तासाच्या कामाने किती जणांचे पैसे वाचलेत ते मी स्वतः बघितलंय.

नोझल काढलंच आहे तर पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडे टेस्टरवर लावून घ्या आणि स्वतः समोर उभं राहा. चांगलं नोझल ठरलेल्या दाबाला करकर आवाज करत धुक्यासारखा फवारा मारतं आणि बंद होताना टोकाला थेंब धरत नाही. खराब नोझल पिचकारीसारखी धार मारतं किंवा टपकतं. टपकणारं नोझल नुसतं मिसिंग करत नाही, त्याच्याखालच्या पिस्टनला भोक पाडतं.

चारही सिलिंडर काम करतात तरी इंजिन वरखाली होतंय, मध्येच बंद पडतंय. आता?

लाइन हवा घेतेय. मी शपथेवर नाही सांगत पण जुन्या गाडीत दहापैकी बऱ्याच वेळा हेच निघतं, आणि हेच कुणी बघत नाही.

कारण असं आहे की टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) लाइन ओढणारी असते. तिथे बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यामुळे खाली एक थेंब दिसत नाही, सगळं कोरडं ठणठणीत, आणि माणूस म्हणतो लाइन तर ओके आहे. रात्रभर उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरते, लाइनमधलं डिझेल टाकीत मागे उतरतं आणि सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसते.

माझ्या गाडीला हेच झालं होतं. ५५ कॅरेट टोमॅटो भरून ओतूरहून माळशेजच्या रस्त्याला लागलो होतो, रात्रीचे साडेदहा, गाडी घाटाच्या अलीकडेच झटके द्यायला लागली. त्याआधी महिनाभर हे चाललं होतं, एका गॅरेजमध्ये इंजिन बसलंय म्हणून ३८ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं होतं आणि मी खरं सांगतो, पैशांची जुळवाजुळव करायलाही लागलो होतो. त्या रात्री एका ढाब्याच्या लाइटखाली गाडी लावली, तिथल्या एका ट्रक ड्रायव्हरने स्वतःच्या गाडीतला वीतभर पारदर्शक पाइपचा तुकडा काढून दिला, आम्ही तो फिल्टरच्या अलीकडे लाइनमध्ये जोडला, क्लिपा आवळल्या, एअर (लाइनमधली हवा) काढली आणि गाडी सुरू केली. मोबाइलचा टॉर्च मागून धरला तर त्या पाइपमधून सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे एकामागून एक चाललेले. मी आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं की गाडी हवा पितेय. मागे टाकीपाशी सरपटत गेलो, टाकीच्या नळीवरचा रबरी होज क्लिपेच्या अगदी खाली तडकलेला, वरून धूळ बसलेली म्हणून दिसत नव्हता, बोटाने वाकवला की चीर तोंड उघडायची. तेवढा तुकडा कापून टाकला, उरलेला होज पुढे ओढून परत बसवला, क्लिप आवळली. गाडी वाशीला गेली, माल पहाटेच्या बाजाराला लागला. त्याच इंजिनवर अजून चालवतोय.

म्हणून असा पारदर्शक, डिझेलला टिकणारा पाइपचा तुकडा आणि दोन क्लिपा गाडीत ठेवा. बघून झालं की काढून टाका, कायमचा लावून ठेवू नका, उष्णतेने तो कडक होतो आणि फुटतो.

अजून एक खात्रीची टेस्ट, कॅनची. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात गाळलेलं डिझेल, नवीन पाइप थेट फीड पंपाच्या तोंडाला, टाकीची लाइन पूर्ण बाजूला. एअर काढून दहा मिनिटं चालवा. गाडी सुतासारखी चालली तर दोष टाकी ते फीड पंप यांच्या मध्येच आहे, इंजिन खोलायचा विषयच नाही. तशीच राहिली तर दोष पुढे आहे. रिटर्न टाकीतच जात असेल तर कॅन लवकर संपतो, लक्ष ठेवा.

हवा कुठून शिरते याच्या ठरलेल्या जागा सांगतो. रबरी होजची टोकं, बॅन्जो बोल्टचे (ज्यांच्या पोटातून डिझेल जातं ते) तांब्याचे वायसर, फिल्टर बदलताना दुमडलेलं रबर, हँड प्रायमरचं (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) बुड, आणि टाकीच्या आतली नळी. टाकी पाव झाली की गाडी त्रास देते आणि फुल केली की सुधारते असं असेल तर थेट टाकीतली नळी काढून बघा, ती मध्ये गंजून भोक पडलेली निघते.

पावसाळ्यातच मिसिंग वाढतं, डिझेलमध्ये पाणी असेल का?

असू शकतं. टाकीचं झाकण नीट बसत नसेल तर पावसाचं पाणी आत जातं, अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या हवेतलं बाष्पही पाणी होऊन बुडाला बसतं. बरणीत घेतलेलं डिझेल पंधरा मिनिटं हलवू नका, पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. तळाशी काळं, बुळबुळीत काही असेल तर टाकीच धुवावी लागेल.

पावसाळ्यात दर आठवड्याला फिल्टरचं पाणी सोडायची सवय लावून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. पंपाच्या आतले पार्ट डिझेलनेच वंगण घेतात, तिथे पाणी गेलं की गंज आणि मग पंपाचं बिल. पाणी बरंच निघालं तर गाडी सुरूच करू नका, आधी टाकी रिकामी करा. आणि शेतातल्या ड्रममधलं डिझेल टाकणार असाल तर ड्रमच्या तळाचं चार बोटं सोडून द्या आणि वरचं गाळून घ्या.

फिल्टर बदलल्यावर एअर कशी काढायची?

फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा) ढिला करा, हँड प्रायमर मारत राहा, आधी फेसाळ डिझेल येईल, मग बुडबुड्यांशिवाय एकसंध धार आली की प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरचा ब्लीड स्क्रू असेल तर तेच परत. तरी सुरू होत नसेल तर दोन नोझलचे नट ढिले करून मदतनिसाला स्टार्टर मारायला लावा, डिझेल आलं की आवळा. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

नवीन फिल्टर टाकल्यापासूनच मिसिंग सुरू झालं असेल तर फिल्टरचं रबर बघा, जुनं रबर वरच चिकटून राहून दोन रबरं एकावर एक बसलेली मी दोनदा बघितलीत.

टॅपेटने मिसिंग होतं का? आवाज तर काहीच येत नाही.

होतं, आणि आवाज येत नाही म्हणूनच जास्त काळजी करा. ढिलं टॅपेट टकटक करून स्वतः सांगतं. घट्ट टॅपेट गप्प असतं, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळत जाते. बऱ्याचदा सकाळी बरी चालते आणि तापल्यावर मिसिंग मारते.

गॅप किती ठेवायचा ते प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं, इनलेटचा वेगळा एक्झॉस्टचा वेगळा, गारवर करायचा की गरमवर हेही बुकात दिलेलं असतं, तेच पाळा, कुणाच्या अंदाजावर जाऊ नका. १-३-४-२ फायरिंग ऑर्डरच्या (सिलिंडर ज्या क्रमाने जळतात तो) इंजिनाला सोपी रीत अशी, हाताने इंजिन फिरवत ४ नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र हलताना दिसले, म्हणजे एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय, की १ नंबरचं टॅपेट करायचं. २ नंबरचे हलताना ३चं, १चे हलताना ४चं, ३चे हलताना २चं. फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) हलक्या ओढीने सरकला पाहिजे, अडकला नाही पाहिजे आणि लटपटलाही नाही पाहिजे.

मिस्त्री म्हणतो पंप उतरवायला लागेल. उतरवू का?

वरचं सगळं झालंय का ते त्याला विचारा. नसेल झालं तर नाही म्हणा. पंप खरंच खराब होतो, पण त्याला काहीतरी खूण असते, एका पाइपला डिझेल येत नाही, पंपाच्या शाफ्टपाशी गळतंय, किंवा हवा नसल्याची खात्री करूनही हंटिंग जात नाही.

पंप काढण्याआधी टायमिंगची खूण खडूने नाही, टोच्याने करून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. पाइप एका ओळीत निघत असतील तर इनलाइन पंप, मागच्या बाजूला गोलात निघत असतील तर रोटरी. रोटरीला पाइप अदलाबदल व्हायची भीती जास्त, १-३-४-२ तपासूनच लावा. कामानंतर टायमिंग मागे राहिलं तर पांढरा धूर आणि उशिरा स्टार्ट, पुढे गेलं तर कडक ठोकल्यासारखा आवाज. आणि पंपावरचा सील केलेला जास्तीत जास्त डिझेलचा स्क्रू कुणालाही फिरवू देऊ नका, ताकद वाढल्यासारखी वाटते आणि वर्षभरात पिस्टन-हेडचं काम निघतं.

इंजिन खरंच बसलंय हे कसं ओळखायचं?

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. थोडा वारा सगळ्याच जुन्या इंजिनात येतो, पण झाकण उडवेल असा झटक्या-झटक्याने धूर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा-लायनर (पिस्टन ज्या नळीत हलतो ती) गेलेत. ऑइल किती किलोमीटरला किती कमी होतं ते वहीत बघा. त्यानंतरही खोलायच्या आधी कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचे आकडे मागा, गेज डिझेलचाच हवा, पेट्रोलचा या दाबाला टिकत नाही. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती आहे ते जास्त बोलकं. तीन सारखे आणि एकच खूप खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून परत घ्या, आकडा वर चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. अगदी थोडंच ऑइल, जास्त पडलं तर इंजिन लॉक होऊन रॉड वाकतो.

शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर त्या दोघांच्या मधलं गॅस्केट फुटलंय असं बहुतेकदा निघतं. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, पाणी कमी होत जाणं, काडीवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसणं, यातलं काहीही दिसलं तर गाडी तिथेच बंद, पुढे नेऊ नका.

इंजिनचा आवाज चांगला आहे पण केबिन खूप हलते?

फाउंडेशनची रबरं बघा. बोनेट उघडून एकाने हलकी रेस द्यायची, दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं, इंजिन एका बाजूला उचलल्यासारखं झालं की त्या बाजूचं रबर फाटलंय. गिअरबॉक्सखालचं रबरही बघा, ते सगळे विसरतात. ऑइल गळून रबर फुगलेलं असेल तर आधी गळती बंद करा नाहीतर नवीनही सहा महिन्यांत जाईल. पंख्याचं एखादं पातं तुटलेलं असलं तरी अशीच थरथर येते, ती रेस वाढेल तशी वाढते.

फक्त सकाळीच मिसिंग मारते, पाच मिनिटांनी ठीक. दुर्लक्ष करू का?

हीटर प्लग असलेली गाडी असेल तर ते तपासा, एखादा गेला असेल तर तोच सिलिंडर थंडीत उशिरा पेटतो. प्लगची वायर काढून मल्टिमीटरने बघा, चांगल्या प्लगचा रेझिस्टन्स अगदी कमी, बऱ्याचदा एक ओहमच्या आसपास येतो, गेलेला प्लग तुटलेल्या वायरसारखा दाखवतो. हीटर प्लगच नसतील किंवा ते चांगले असतील तर थंड इंजिनातलं हे मिसिंग कमी झालेल्या कॉम्प्रेशनची किंवा थकलेल्या नोझलची पहिली सूचना असते. पाचाची दहा मिनिटं होतायत का ते वहीत लिहीत राहा.

माझा छोटा हत्ती स्लोवर फार थरथरतो, तेही मिसिंगच का?

२००५ साली आलेल्या टाटा एसचं डिझेल इंजिन ७०२ सीसीचं, दोनच सिलिंडरचं आहे, ते चार सिलिंडरच्या गाडीसारखं गुळगुळीत कधीच चालणार नाही. तुमच्याच गावातल्या चांगल्या चालणाऱ्या दुसऱ्या गाडीत बसून तुलना करा. त्यातला एक सिलिंडर खरंच बंद पडला तर गाडी जेमतेम चालेल, तुम्हाला विचारायची गरजच पडणार नाही.

मिसिंग असताना सीझनभर तशीच चालवली तर?

मला कळतं, टोमॅटोच्या दिवसांत गाडी दोन दिवस उभी ठेवणं परवडत नाही. हवेचं किंवा फिल्टरचं असेल तर फार तर रस्त्यात अडाल. पण एका सिलिंडरमध्ये डिझेल पडतंय आणि जळत नाहीये असं असेल तर ते डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, बेअरिंगं घासतात. काडीवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, वास डिझेलचा आला, की त्या दिवशी माल दुसऱ्याच्या गाडीत चढवा.

आणि टर्बोवाल्या गाडीचं इंजिन कधी रेस न देता स्वतःहून सुसाट फिरायला लागलं, मागे निळ्या धुराचा लोट, तर ते ऑइलवर चालतंय, चावी बंद करून थांबणार नाही. वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ते जमलं नाही तर हवेच्या तोंडावर फळी दाबून धरायची, हात किंवा कापड नाही. आणि काहीच जमत नसेल तर सगळ्यांना घेऊन गाडीपासून लांब व्हा.

मिस्त्रीला काय सांगायचं?

"मिसिंग मारतेय, बघा जरा" एवढं सांगून चावी देऊन निघून जाऊ नका. असं सांगा : गार इंजिनावर तीन नंबरचा नट ढिला केला तर फरक पडत नाही, डिझेल येतंय, नोझल दोनला टाकून बघितलं तर मिसिंग दोनला गेलं. किंवा : कॅनवर छान चालते, टाकीवर वरखाली होते. चांगला मिस्त्री हे ऐकून खूश होतो, त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तो थेट कामाला लागतो. काढलेले जुने पार्ट मागून घ्या, वायसरसुद्धा. गाडी ताब्यात घेताना गार इंजिनावरच सुरू करून बघा, म्हणजे संध्याकाळी काम झालं असेल तर गाडी रात्रभर तिथेच राहू द्या आणि सकाळी लवकर जाऊन, त्यांनी सुरू करायच्या आधी, पहिला स्टार्टर स्वतः मारा.